घरी राहिलेला माणूस

यंदाच्या थंडीने आम्हांला घरात कोंडले आहे. डॉक्टरांनी गुडघ्याचे कारण काढले, सूनबाईंनी छातीचे काढले, आणि दोघांनी मिळून निकाल देऊन टाकला की संक्रांत होईपर्यंत म्हाताऱ्याने पहाटे मळ्याकडे फिरकायचे नाही. अपील करायला घरात एकच कोर्ट, ते म्हणजे आमची मंडळी. तिने निकाल कायम केला आणि वर कानटोपी आणून डोक्यात घातली.

आमच्या निफाड तालुक्याची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा मोजतात, तो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतो आणि मुंबई-पुण्याची माणसे चहा पिता पिता तो वाचतात. त्यांना मौज वाटते. गव्हालाही ही थंडी मानवते, उन्हाळ कांद्याच्या लागणीलाही मानवते. हाल होतात ते द्राक्षवाल्यांचे. मण्यात पाणी भरायला लागलेले असते आणि एका रात्रीत पारा उतरला की मण्यांना तडे. मग बिचारे पहाटे तीनला उठून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, धूर करतात. लांबून पाहिले तर एखादी जत्रा भरली आहे असे वाटावे. जत्रेत माणसे हसत असतात, एवढाच फरक.

तर सकाळी नऊपर्यंत आम्ही घरात आणि नऊनंतर ओट्यावरच्या उन्हात. ओट्यावरून लासलगावच्या बाजाराकडे जाणारा रस्ता दिसतो. ट्रॅक्टर जातात, पिकअप जातात. मी मोजत बसतो. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, 1947 साली, आमच्या बाजार समितीची स्थापना झाली. आमच्या लहानपणी या रस्त्याने बैलगाड्यांच्या रांगा जायच्या. वडिलांबरोबर मी गाडीखाली गोणपाटावर झोपलेलो आहे. रात्री बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या आणि सकाळी लिलावाचा पुकारा सुरू झाला की वडील एकदम गप्प व्हायचे. एरवी मोठमोठ्याने बोलणारा माणूस. पण व्यापाऱ्याने ढिगात हात घातला, दोन कांदे उचलून फिरवले, की त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नसे. आता नातू तिथे उभा असतो. हातात मोबाईल असतो, पाच बाजारांचे भाव त्याला तोंडपाठ असतात. पण पुकारा सुरू झाला की तोही गप्पच होतो, असे त्याच्या मित्राने मला सांगितले.

गेल्या आठवड्यात सूनबाईंनी माळा आवरायला काढला. जुन्या कणगीमागे तारेला ओवलेल्या हिशोबपट्ट्यांचा एक गठ्ठा निघाला. उंदरांनी कडा खाल्लेल्या, पण आकडे शाबूत. वजन इतके, भाव इतका, हमाली, तोलाई, आडत वजा जाता हाती इतके. मंडळी म्हणाली, "चुलीत घालते." मी म्हटले, "थांब, उन्हात बसून वाचीन." माणसे पोथी वाचतात, मी पट्ट्या वाचल्या.

वाचता वाचता 1980 सालाच्या पट्ट्या लागल्या, आणि तिथे हात थांबला.

त्या वर्षीची गंमत बघा. जानेवारी 1980 मध्ये लोकसभेची निवडणूक झाली. शहरात कांदा महाग झाला होता आणि प्रचारात त्याचा मोठा गाजावाजा झाला. इंदिराबाई पुन्हा सत्तेवर आल्या, आणि कांद्याने सरकार पाडले असे लोक म्हणू लागले. कांद्याने काय पाडले असेल ते असो. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात, कांद्याला क्विंटलला 50 ते 70 रुपये तरी द्या, उसाला टनाला 300 रुपये द्या, एवढ्यासाठी आमच्या नाशिक जिल्ह्यातले शेतकरी रस्त्यावर आणि रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसले होते. एकाच वर्षाच्या सुरुवातीला कांदा महाग म्हणून देशभर ओरड, आणि शेवटी कांद्याला दाम नाही म्हणून तुरुंग. पहिली गोष्ट दिल्लीला अजून आठवते. दुसरी आपल्यालाच आठवत ठेवावी लागते.

शरद जोशींची शेतकरी संघटना तेव्हा नवी होती. युनोच्या नोकरीतून परत आलेला हा माणूस चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करत होता. आमच्या भागात पिंपळगावचे माधवराव मोरे, निफाडचे प्रल्हाद पाटील कराड त्यांच्याबरोबर होते. सभांना माणूस मावत नसे. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा आमच्या आईलासुद्धा पाठ झाली होती. 10 नोव्हेंबरपासून रास्ता रोको, रेल रोको सुरू झाले. दिवाळी नुकतीच सरली होती, फराळाचे डबे अजून भरलेले होते.

आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, पंचामध्ये चिवडा बांधून सायकलवर निघाले. निघताना त्यांनी मला विचारले, "येतोस ना?"

मी म्हणालो, "रांगड्याला पाणी द्यायचं राहिलंय. दोघंही गेलो तर इंजिन कोण चालवील?"

हे खरे होते. रांगडा तहानला होता. पण मंडळी, आज पंचेचाळीस वर्षांनी कानटोपी घालून बसल्यावर खोटे कशाला बोलू? पाणी एका दिवसाने पुढे ढकलता आले असते. मी भ्यालो होतो. पोलीस, तुरुंग, नुकतेच झालेले लग्न, सगळ्याला भ्यालो होतो. अण्णांना ते कळले असणार. ते एवढेच म्हणाले, "बरं, आईकडे बघ." आणि गेले.

त्या दिवसांत खेरवाडीला, म्हणजे निफाडच्या पुढे कसबे सुकेणे आणि ओढ्याच्या मधले ते लहानसे स्टेशन, रुळांवर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. दोन शेतकरी गेले. आमच्या वस्तीवर बातमी आली ती फक्त "दोन गेले" एवढीच. नावे नाहीत, गावे नाहीत. वस्तीवर फोन कुठला? रेडिओ लावला तर खरखर. आई दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली ती रात्रभर उठली नाही. तिच्या अंगावर घोंगडी टाकायला गेलो तर तिने ती बाजूला सारली. मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

अण्णांना खेरवाडीच्या अलीकडेच धरले होते, हे तिसऱ्या दिवशी कळले. तुरुंगात जागा नव्हती इतकी माणसे धरली होती. ते घरी आले तेव्हा त्यांची दाढी वाढलेली, आवाज बसलेला. अंघोळ करून आधी रांगडा बघायला गेले. "पाणी चांगलं बसलंय," म्हणाले. टोमणा होता की कौतुक, हे मी त्यांच्या शेवटापर्यंत विचारू शकलो नाही. आता तेही नाहीत, आणि शरद जोशीही 12 डिसेंबर 2015 ला गेले. ज्या दोन घरांतली माणसे खेरवाडीहून परत आलीच नाहीत, त्या घरांत त्या वर्षीचा रांगडा कोणी काढला असेल, हा विचार दर नोव्हेंबरात येतो.

सहा वर्षांनी, नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. त्या वेळी आमची मंडळी गेली आणि मी पुन्हा घरी. या खेपेला पोरे आणि म्हैस सांभाळायला. परत आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो हिशोबाचा. निंदणी, लागण, काढणी, कांदा कापणे, चाळीत भरणे, चाळीत सडका निवडणे, हे सगळे बाईचे. आणि पट्टीवर नाव कोणाचे? पुढे जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, बायकोच्या नावाने थोडी तरी जमीन करा म्हणून. गावोगाव पुष्कळांनी केली. मी "पुढच्या वर्षी" म्हणत बरीच वर्षे काढली आणि अखेर विहिरीकडचा एक एकर तिच्या नावावर केला. तो सातबारा ती अजून देवघरात ठेवते. उशीर झाल्याचेही अधूनमधून ऐकवते.

आता चालू राजकारणाचे. त्याविषयी बोलायचे नाही असे घरात ठरले आहे, कारण मुलगा एका बाजूचा, नातू दुसऱ्या बाजूचा आणि सूनबाई दोघांच्या विरुद्ध. पण पट्ट्यांना पक्ष नसतो, म्हणून पट्ट्यांच्या आधाराने बोलतो. 1998 साली दिल्लीत कांदा भडकला आणि तिथले राज्य सरकार निवडणुकीत गेले. तेव्हापासून कोणत्याही पक्षाचे सरकार असो, कांद्याचा भाव चढू लागला की दिल्लीला घाम फुटतो. सप्टेंबर 2019 मध्ये निर्यातबंदी, सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा निर्यातबंदी. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, आणि त्यानेही भागेना म्हणून डिसेंबरात सरळ बंदी. ती उठली 4 मे 2024 ला, लोकसभेच्या निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, आणि तीही शुल्क कायम ठेवून. ते शुल्क पूर्ण गेले 1 एप्रिल 2025 ला. 2019 च्या बंदीनंतर बांगलादेशाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. त्या हसत हसत म्हणाल्या की मी आमच्या आचाऱ्याला जेवणात कांदा घालू नको असे सांगितले आहे, निदान बंदी आधी कळवायची तरी होती. सभागृह हसले. मला काही हसू आले नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडावर पुन्हा पुन्हा दार लावले तर ते एक दिवस दुसऱ्या दुकानाची वाट धरणार. आमच्या वाण्यालाही हे कळते.

आणि भाव पडतो तेव्हा? तेव्हा कोणाला घाम फुटत नाही. 2018 साली आपल्याच तालुक्यातल्या नैताळ्याच्या एका शेतकऱ्याने 750 किलो कांदा विकला. हाती आले 1064 रुपये. त्याने ते मनीऑर्डर करून पंतप्रधानांकडे पाठवून दिले. वर मनीऑर्डरीचा खर्चही पदरचाच. देशभर बातमी झाली. बातमी झाली, भाव काही झाला नाही.

2024 च्या लोकसभेला आमच्या दिंडोरी मतदारसंघात कांद्याने राग काढला. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारतीताई पवार पडल्या आणि भास्करराव भगरे निवडून आले. सहा महिने गेले नाहीत तोच विधानसभेला वारे फिरले. मधल्या काळात लाडक्या बहिणीचे दरमहा 1500 रुपये बायकांच्या खात्यावर येऊ लागले होते. मुलगा म्हणतो, बायकांनी मते फिरवली. मी त्याला म्हणालो, आईला विचार. तिने पोळी तव्यावर टाकता टाकता उत्तर दिले, "सुनेच्या पासबुकात पंधराशे येतात, ते तिचे. कोणाला मागावे लागत नाहीत, म्हणून गोड लागतात. पण कांद्याचे गेले ते कोणाचे गेले? पासबुकं दोन असली तरी चूल एकच आहे." एवढे बोलून तिने पोळी उलटली. या विषयावर मी वाचलेल्या सगळ्या अग्रलेखांपेक्षा मला हे पटले.

डिसेंबर 2023 ची एक गोष्ट सांगायची राहिली. बंदी आली तशी चांदवडला मुंबई-आग्रा रस्त्यावर शेतकरी बसले. नातवाने मोटरसायकल काढली. त्याची आई दारात आडवी. "रोप टाकलंय, पाण्याची पाळी आहे, तू कशाला जातोस?" अगदी हेच शब्द. मी इथेच ओट्यावर बसलो होतो. सून माझ्याकडे बघत होती, मी तिची बाजू घेईन म्हणून. घशाशी आले होते खरे. पण मी गळ्यातला मफलर काढून पोराला दिला आणि म्हणालो, "पाळी मी धरतो." सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पोरगा संध्याकाळी सुखरूप परत आला आणि बंदी पुढे पाच महिने राहिली. त्या रात्री पाणी धरताना माझे दोन्ही गुडघे गारठले, आणि आज जी कानटोपी डोक्यात आहे तिचे मूळ तिथेच आहे, असे डॉक्टरांचे नाही पण सूनबाईंचे मत आहे.

परवा नातू कागद घेऊन जवळ बसला. यंदा उन्हाळ किती लावायचा? शुल्क उठले तरी 2025 मध्ये चाळीतला कांदा सडला आणि भाव काही उठला नाही, तो चटका अजून ताजा आहे. मुलगा म्हणतो, सगळ्यात गहू पेरून मोकळे व्हा. नातू म्हणतो, सगळे लावून टाकतात आणि सगळे सोडून देतात, म्हणूनच फसतात. दोन एकर लावू, पण चाळ नीट करू, खाली हवा खेळती ठेवू. मी जुन्या पट्ट्या त्याच्यापुढे टाकल्या. त्याने मोबाईलमध्ये त्यांचे फोटो काढले आणि कितीतरी वेळ आकडेमोड करत बसला. मग विचारले, "आजोबा, ऐंशी सालच्या रांगड्याची पट्टी यात नाही?"

नाही. ती आईने ठेवली नव्हती.

शेवटी विहिरीकडच्या एकरात उन्हाळ आणि बाकी गहू, असे ठरले. एकर जिच्या नावावर आहे तिने ठरवले, त्यामुळे वाद झाला नाही. रोप उपटून, जुड्या बांधून ओल्या गोणपाटाखाली ठेवले आहे. उद्या सकाळी लागणीला बायका यायच्या आहेत. वीज या आठवड्यात रात्रीची आहे आणि मागच्या उसात बिबट्याचे ठसे दिसले म्हणतात, म्हणून पाण्याला दोघांनी मिळून जायचे, हातात बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन. मुलगा आणि नातू जाणार आहेत. पक्ष वेगळे असले तरी पाळी एक आहे. मला मात्र अकराला उठून दोघांना चहा करून द्यायची परवानगी मिळाली आहे.