उठून गेलेल्या बैठकी

मासिक बंद पडणें ही मराठी वाचकास नवी गोष्ट नाहीं. १८६७ मध्यें निघालेला 'विविधज्ञानविस्तार' सत्तर वर्षें चालून १९३७ मध्यें थांबला; 'सत्यकथा' १९८२ मध्यें मिटली. हळहळ वाटली, परंतु बांधीव खंड फडताळांत राहिले. गेल्या वीस वर्षांत आपल्या घरांतून संगणकावरच्या ज्या बैठकी उठून गेल्या, त्यांचें तसें झालें नाहीं.

जानेवारी २००४ मध्यें गूगल कंपनींतील एका तुर्की अभियंत्यानें स्वतःचेंच नांव देऊन 'ऑर्कुट' सुरू केलें. आरंभीं तेथें आमंत्रणावांचून प्रवेश नव्हता. भारत व ब्राझील हे दोन देश त्यावर विशेष लुब्ध झाले. कन्हान नदीच्या कांठीं वसलेल्या आमच्या मौद्यासारख्या गांवचीं मुलें त्या सुमारास शिक्षणासाठीं नागपुरास, नोकरीसाठीं पुण्यास आणि तेथून परदेशीं पांगत होतीं. पूर्वीं शाळा सुटली कीं बांकावरचा सोबतीही सुटे. आतां ऑर्कुटावर शाळेच्या नांवाचा समुदाय शोधावा, तों हा गृहस्थ तेथें हजर! एकमेकांच्या 'स्क्रॅपबुका'त चार ओळी टाकाव्या, आपल्या पानावर कोण डोकावून गेलें तें पाहावें, असा तो व्यवहार होता. शेजारच्या ओसरीवरील बोलणें कानीं पडावें, तसा तो इतरांसही दिसे.

त्यांतील 'टेस्टिमोनियल' हा प्रकार आम्हांस फार गोड वाटे. मित्रानें मित्राविषयीं मनापासून चार शब्द लिहावे, आणि ज्याच्याविषयीं लिहिले त्यानें संमति दिली म्हणजे ते त्याच्या पानावर झळकावे. आपल्याकडे माणसाविषयीं बरें बोलण्याचा मुहूर्त बहुधा शोकसभेंत येतो. येथें तो हयातींतच साधे. पुढें फेसबुकाचा ओढा वाढला, मंडळी एकेक करून उठली, आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजीं दार लागलें. आपला मजकूर व छायाचित्रें उतरून घेण्यास कंपनीनें २०१६ पर्यंत मुदत दिली होती, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु बैठक मोडल्यावर विसरलेलें उपरणें आणावयास किती जण परत जातात? ते चार शब्द लिहिणारांपैकीं कांहीं माणसें आज नाहींत. त्यांचीं जुनीं पोस्टकार्डें ट्रंकेंत सांपडतात, तो मजकूर कोठेंच सांपडत नाहीं.

'गूगल रीडर' निराळा. संकेतस्थळावर नवा लेख आला कीं त्याची नोंद तेथील एका ठराविक यादींत पडते. हिला आरएसएस म्हणतात, व ही पद्धत १९९९ पासूनची आहे. २००५ मध्यें आलेला रीडर आपण निवडलेल्या अशा याद्या चाळून नवे लेख एके ठिकाणीं आणून ठेवी. मराठींत त्या काळीं अनुदिनी लिहिणारे पुष्कळ होते. कोणी महिन्यास लिही, कोणी वर्षांतून दोनदां. रोज दहा दारें ठोठावण्याची गरज उरली नाहीं. काय वाचावयाचें तें आपण ठरवावें, आणि सारें वाचून झालें कीं पान रिकामें व्हावें, ही त्यांतली खरी मौज! आजच्या फेसबुकाच्या पानास तळ म्हणून नाहीं. जेवणारा 'पुरे' म्हणाला तरी वाढपी पंक्तींतून हलत नाहीं.

वापर घटला असें कारण देऊन कंपनीनें रीडर १ जुलै २०१३ रोजीं बंद केला. लाखाहून अधिक लोकांनीं विनंतीवर सह्या केल्या. उपयोग झाला नाहीं. पण वाचकांस आपल्या वर्गणीची यादी उचलून 'फीडली'सारख्या दुसऱ्या ठिकाणीं नेतां आली, कारण लेख मूळ लेखकांच्या घरींच होते. पेपरवाला गेला, छापखाना राहिला. पॉडकास्ट आजही बहुधा त्याच आरएसएसच्या वाटेनें येतात.

बाकीच्यांविषयीं फार लिहिण्याजोगें नाहीं. 'गूगल प्लस' (२०११ ते २०१९) म्हणजे मंडप मोठा व पाहुणे थोडे. देशी भाषांसाठीं २०२० मध्यें निघालेलें 'कू' चार वर्षांत, जुलै २०२४ मध्यें, आटोपलें. ऑर्कुटाच्या जुन्या पत्त्यावर मात्र २०२२ मध्यें त्याच्या जनकानें, आपण कांहीं नवें उभारीत आहों, असा निरोप लावला होता. तो वाचून ज्यांनीं आपला विसरलेला परवलीचा शब्द आठवून पाहिला, त्यांत आम्हीही होतों.