दिव्यत्व नको, शिक्षक द्या!

दरवर्षी 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन येतो. फळवाटप होते, फोटो निघतात, पुढारी दोन शब्द बोलतात. तीनच दिवसांनी 6 डिसेंबरला आपण बाबासाहेबांना अभिवादन करतो. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध आहे का? वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांतल्या आंबेडकरी तरुणांपुढे आम्ही हा प्रश्न ठेवत आहोत.

आधी शब्दाचा हिशेब करू. 2015 च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणा असे सुचवले. ज्याला हक्क द्यायचा नाही त्याला देवाशी जोडून टाकायचे, ही इथली जुनी खोड आहे. ‘हरिजन’ हा शब्द आपण याच कारणाने नाकारला होता. मूल ऐकू शकत नसेल तर त्याला दिव्यत्व नको, सांकेतिक भाषा येणारा शिक्षक हवा.

दुसरीकडे घरात, गावात एकच वाक्य ऐकू येते: मागच्या जन्मीचे पाप. मित्रांनो, याच वाक्याने आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माचा हा सिद्धांत नाकारला. 22 प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मतिमंद मुलाच्या आईला नशिबाचे बोल ऐकावे लागत असतील, तर धर्मांतर अर्धेच झाले आहे.

बौद्ध परंपरेत चूळपंथकाची कथा आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. भिक्खू असलेल्या सख्ख्या मोठ्या भावाने त्याला निघून जा म्हटले. तथागतांनी त्याला परत आणले, हातात स्वच्छ कापड दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले तशी त्याला अनित्यता उमगली. पाठांतर जमत नाही म्हणून मूल बाद होत नाही, शिकवण्याची रीत बदलावी लागते. विशेष शिक्षण म्हणजे दुसरे काय?

आता कायदा पाहू. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 7 ऐवजी 21 प्रकार मान्य केले. त्यात सिकलसेलही आहे. विदर्भातल्या आदिवासी पाड्यांत आणि आपल्या वस्त्यांत हा आजार नवा नाही. वेदनेमुळे महिन्याला आठ दिवस शाळा बुडणारे मूल ‘आळशी’ नसते, तेही या कायद्याच्या कक्षेत येते. ठरावीक प्रमाणाहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर अशा 10 मुलांमागे एक आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण दिले. 2024 मध्ये राज्य सरकारने 4,860 पदे मंजूर केली. म्हणजे शाळांच्या एका केंद्रामागे एक शिक्षक! एका केंद्रात अनेक शाळा असतात. एकटा माणूस कुठे कुठे पोचणार?

ही पदे कोण भरणार, हा आमचा खरा मुद्दा आहे. आपली मुले पोलीस भरती आणि एमपीएससीच्या रांगेत वर्षे घालवतात. विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट ही नावे त्यांच्या कानावरही पडत नाहीत.

यावर काही कार्यकर्ते म्हणतात, “पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची सेवा आपल्याच माथी मारली, आता पुन्हा तेच?” हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच नीट उत्तर मागतो. वेठबिगारीत ना मोबदला होता, ना निर्णयाचा अधिकार. इथे पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्याने नोंदणी लागते, पदवी लागते, वेतनश्रेणी मागता येते. कामाच्या निमित्ताने आम्ही जे पाहतो ते असे: मुलाला उचलणारी मदतनीस आपली आणि त्याचा अहवाल लिहिणारा तज्ज्ञ दुसऱ्यांचा. ही वाटणी मोडायची असेल तर अहवाल लिहिणाऱ्या खुर्चीवर आपण बसले पाहिजे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत अशी मागणी केली होती. शिक्षक कुठून येतो, यावर मुलाचे भवितव्य ठरते.

मग करायचे काय? विशेष शिक्षणाच्या पदविकेला किंवा पदवीला प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेला पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतः तपासा. दलालावर विसंबू नका. मुंबईत अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी शिकवतात. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज भरा. कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात जिल्हा परिषदेला विचारावे: जिल्ह्यात अशी मुले किती, मंजूर पदे किती, भरलेली किती, बिंदुनामावलीत अनुसूचित जातींच्या जागा किती? आणि विहारात महिन्यातून एक रविवार या मुलांच्या पालकांसाठी राखून ठेवावा.

वाशिमला आकांक्षित जिल्हा म्हणतात. आकांक्षा कुणाची मोजणार? चालता न येणाऱ्या आपल्या पोरीची मोजली जात नसेल तर त्या नावाला अर्थ नाही. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ यातला ‘शिका’ तिच्यासाठीही आहे. तिला शिकवणारे तुम्ही व्हा.

जय भीम!