कामगाराचा ‘मुसलमान’ कोणी केला?

युरोपातील मुसलमान तेथील समाजात मिसळत नाहीत, हे वाक्य आजकाल इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्याला पुराव्याची आवश्यकता आहे असे बोलणाऱ्यालाही वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही. जून २०२३ मध्ये पॅरिसजवळील नाँतेर येथे पोलिसांच्या गोळीने सतरा वर्षांचा मुलगा ठार झाला आणि फ्रान्सभर जाळपोळ उसळली, तेव्हा हेच वाक्य आपल्याकडेही घुमले. जमातवादी मंडळींनी त्यातून आपल्याला हवा तो निष्कर्ष काढावा, यात नवल नाही. खेद याचा, की आपले काही कार्यकर्तेही ‘त्यात थोडे तथ्य असेलच’ असे म्हणून गप्प बसतात. या मौनाला उत्तर दिले पाहिजे. आणि ते देताना आपल्याच विचाराच्या लोकांच्या चुकीवर बोट ठेवावे लागले, तरी संकोच करण्याचे कारण नाही.

फ्रान्सचेच उदाहरण घेऊ. समतेची घोषणा, धर्मातीत शासन आणि लढाऊ कामगार चळवळ या तिन्ही गोष्टी ज्या देशात होत्या, तेथेच स्थलांतरित मुसलमान उपरा का राहिला?

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सला माणसे हवी होती. मोटारींचे कारखाने, खाणी आणि बांधकामे यांसाठी अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया येथील मजूर आले, आणले गेले. उत्तर फ्रान्समधील कोळसा खाणींचे भरती अधिकारी मोरोक्कोतील खेड्यांत जात, तरुणांना उघडे करून रांगेत उभे करीत आणि तपासणीनंतर त्यांच्या छातीवर शिक्का मारीत. हिरवा म्हणजे निवड, तांबडा म्हणजे नकार. गुरांच्या बाजारात याहून वेगळे काय घडते? दंड पाहिले, छाती पाहिली. नमाज पढतोस का, हे कोणी विचारले नाही. हजारो अल्जीरियन मजूर ज्या नाँतेरमध्ये चिखलातल्या झोपडपट्ट्यांत वर्षानुवर्षे राहिले, तेच हे नाँतेर.

फ्रान्सच्या सरकारी रेल्वेने १९७० च्या सुमारास मोरोक्कोतील मजूर घेतले. फ्रेंच सहकाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी तीच कामे केली. परंतु बढती, निवृत्तिवेतन आणि नोकरीची हमी देणारा कायम दर्जा त्यांना मिळाला नाही, कारण ते फ्रेंच नागरिक नव्हते. अखेर २०१८ साली पॅरिसच्या अपील न्यायालयाने ८०० हून अधिक कामगारांशी भेदभाव झाल्याचे मान्य केले. तोवर ते म्हातारे झाले होते. काही तर निकाल ऐकण्यास उरलेही नव्हते. येथे मिसळण्यास नकार कोणी दिला होता, हे टीकाकारांनी सांगावे.

आता धर्माकडे वळू. १९७६ साली बियांकूर येथील रेनॉ कारखान्यात मुस्लिम कामगारांनी नमाजासाठी जागा मागितली, आणि व्यवस्थापनाने ती दिली. इतर मोटार कारखान्यांतही अशा जागा झाल्या. मालक एकाएकी उदार झाले होते काय? मुळीच नव्हे. नमाज पढणारा कामगार शांत राहील, लाल बावट्याकडे जाणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. तोवर धर्मातीततेला कोणताही धोका नव्हता.

परंतु हिशेब चुकला. १९८२ च्या वसंतात ओल्ने येथील सित्रोएन कारखान्यात आणि पाठोपाठ पुआसीच्या ताल्बो कारखान्यात हेच कामगार संपावर गेले. मालकांची पाळीव संघटना झुगारून आपली संघटना निवडण्याचे स्वातंत्र्य, वेतन आणि माणूस म्हणून वागणूक, या त्यांच्या मागण्या होत्या. नमाजाच्या जागेची मागणीही त्यांत होती. पण ती इतर मागण्यांतील एक होती. समाजाशी एकरूप होण्याचा याहून अस्सल मार्ग कोणता? परक्या देशातला मनुष्य तेथील कामगारांच्या संघटनेत सामील होतो आणि त्याच देशाच्या कायद्याने दिलेला हक्क मागतो. समाजवाद्याने याला तरी एकात्मता म्हणावे.

त्या वेळी फ्रान्समध्ये समाजवाद्यांचे सरकार होते. १९८१ च्या मे महिन्यात मितराँ अध्यक्ष झाले, तेव्हा आम्ही अर्थशास्त्राचे विद्यार्थी वसतिगृहात रात्रभर जागलो होतो. जणू आपणच निवडणूक जिंकली होती. म्हणूनच पुढची गोष्ट लिहिताना लाज वाटते. जानेवारी १९८३ मध्ये रेनॉच्या फ्लँ येथील कारखान्यात संप पेटला, तेव्हा पंतप्रधान पिएर मोरवा यांनी या कामगारांना धार्मिक व राजकीय गट चिथावीत असल्याचे सांगितले. गृहमंत्री गास्ताँ दफेर तर मूलतत्त्ववादी आणि शिया यांच्या संपाबद्दल बोलू लागले. फ्लँचे बहुसंख्य मुस्लिम कामगार मोरोक्कोसारख्या देशांतून आलेले सुन्नी होते! इराणच्या क्रांतीचे भूत मंत्र्यांच्या डोक्यात होते. ते त्यांनी कारखान्याच्या दारात उभे केले. मजुरीच्या मागणीला उत्तर देणे जड जात होते, म्हणून मागणाऱ्याचा धर्म पुढे केला गेला. ज्याला भांडवलदाराने केवळ हात म्हणून आणले, त्याला केवळ मुसलमान ठरविण्याचे काम समाजवादी मंत्र्यांनी केले.

त्याच वर्षी ताल्बोच्या मालकांनी २,९०५ कामगार काढण्याचे जाहीर केले. सरकारने घासाघीस करून तो आकडा १,९०५ वर आणला आणि ते यश मानले. काढल्या जाणाऱ्यांत बहुसंख्य स्थलांतरित होते. जानेवारी १९८४ मध्ये त्या कारखान्यात संपकरी आणि संपविरोधी कामगार यांच्यात हाणामारी झाली. ‘अरबांना भट्टीत टाका’ अशा आरोळ्या उठल्या. एकाच पट्ट्यावर काम करणाऱ्यांच्या तोंडून! कामगारवर्ग दुभंगला तो मशिदीमुळे नव्हे, कपातीच्या यादीमुळे. आणि ही फूट कोणाच्या पथ्यावर पडली? सप्टेंबर १९८३ मध्ये द्रू या छोट्या नगराच्या निवडणुकीत ल पेन यांच्या राष्ट्रीय आघाडीने पहिल्या फेरीत सुमारे १७ टक्के मते मिळविली, आणि दुसऱ्या फेरीत प्रतिष्ठित उजव्यांनी तिच्याशी हातमिळवणी केली. २०२२ साली ल पेन यांच्या कन्येला अध्यक्षपदाच्या अंतिम फेरीत ४१ टक्क्यांवर मते पडली. बीज केव्हा रुजले, हे विसरता कामा नये.

स्थलांतरितांच्या मुलांनी मात्र दुसरी वाट दाखविली होती. ऑक्टोबर १९८३ मध्ये मार्सेयहून मूठभर तरुण समतेसाठी पायी निघाले. डिसेंबरमध्ये पॅरिसला पोहोचले तेव्हा सुमारे एक लाख लोक सोबत होते. त्यांनी शरियत मागितली नाही, समता मागितली. दहा वर्षांचा निवास परवाना पदरात पडला, समता राहिली. १९८९ साली क्रेय येथील तीन मुलींच्या डोक्यावरील रुमालाचा वाद उभा राहिला, आणि राष्ट्रीय चर्चा कारखान्याच्या फाटकावरून शाळेच्या फाटकावर गेली ती परत आलीच नाही.

तीस वर्षे श्रमबाजार शिकविलेल्या माणसाला एक प्रयोग सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी फ्रान्समधील मालकांकडे नोकरीचे अर्ज धाडले. दोन्ही काल्पनिक उमेदवार सेनेगाली वंशाच्या, आडनाव एकच, पात्रता सारखी. एकीचे नाव ख्रिस्ती, दुसरीचे मुस्लिम. मुस्लिम नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता अडीच पटींनी कमी निघाली. दार लावून घ्यायचे आणि आत का येत नाहीस म्हणून विचारायचे, असा हा न्याय आहे.

यावर आक्षेप येईल: २०१५ साली पॅरिसमध्ये १३० माणसे मारली गेली, २०२० साली सॅम्युएल पाती या शिक्षकाचा शिरच्छेद झाला, त्याचे काय? उत्तर निःसंदिग्ध असले पाहिजे. ते खून होते. बेकारी वा अपमान यांच्या आड त्यांना लपविता येणार नाही. धर्माच्या नावाने स्त्रीला दडपणारा मुल्ला आपला मित्र नव्हे. काही डावे मित्र मुसलमानांचे भले करण्याच्या नादात त्यांना मुल्लांच्या स्वाधीन करतात, हीदेखील मोरवांचीच चूक उलट्या दिशेने होय. दोघेही माणसातला केवळ मुसलमान पाहतात. १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेणाऱ्या हमीद दलवाईंच्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. दलवाईंना नागरिक हवा होता. पण ज्याला नागरिकाचे हक्क नाकारले, त्याला नागरिकाची कर्तव्ये शिकविण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

तेव्हा यापुढे बैठकीत कोणी म्हणाले, की ‘ते मिसळत नाहीत’, तर कार्यकर्त्यांनी गप्प बसू नये. ओल्ने आणि पुआसीच्या संपकऱ्यांचे नाव घ्यावे. ते मिसळायला आले होते, आपल्याच झेंड्याखाली आले होते. आणि आपल्याच लोकांनी त्यांना ओळखले नाही.