डॉक्टर, हात धुतले का?

नगरकरहो,

६ नोव्हेंबर २०२१. भाऊबीज होती. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्या दिवशी ११ कोरोना रुग्ण गेले. चौकशी बसली, 'फायर ऑडिट' हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला.

आग दिसते हो. जंतू दिसत नाही. टाके पिकून, सलाईनच्या सुईवाटे, लघवीच्या नळीवाटे, व्हेंटिलेटरवर न्यूमोनिया होऊन माणूस जातो, तेव्हा कागदावर 'सेप्टिसीमिया' एवढंच येतं. नातेवाईक बिल भरतात आणि नशिबाला बोल लावत पाथर्डी-अकोल्याची वाट धरतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो: श्रीमंत देशांत दाखल झालेल्या १०० रुग्णांपैकी ७ जणांना रुग्णालयातच नवा संसर्ग जडतो, आपल्यासारख्या देशांत १५ जणांना. त्या बाधितांतला दर दहावा माणूस दगावतो. आणि हात धुण्यासारख्या साध्या शिस्तीने यातले ७० टक्के संसर्ग टळू शकतात!

'माणसं कमी, गर्दी फार' हे उत्तर ठरलेलं. सरकारी वॉर्डात ते खरंही आहे. एकाच सिस्टरच्या गळ्यात तीस खाटा घातल्यावर तिने किती वेळा हात धुवायचे? तिच्यावर आमचा राग नाही. पण ज्यांच्या दारात ग्रॅनाइट चमकतं, त्यांनी ही सबब सांगू नये.

आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. अक्षरओळख नसलेल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. हात धुवायचे, निर्जंतुक पात्यानेच नाळ कापायची, हे त्या बाया शिकल्या. ते एमडी झालेल्यांना जड जावं?

राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार खाजगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. त्याच भिंतीवर आणखी एक पाटी हवी: या महिन्यात ऑपरेशनं किती, टाके पिकले किती. सिव्हिलनेही लावावी. प्रत्येक खाटेपाशी हँडरबची भरलेली बाटली हवी. रिकामी बाटली आम्ही खूप पाहिली.

आपणही कमी नाही. डबा घेऊन चौघं-चौघं पेशंटच्या खाटेवरच बसतो. ते आजपासून बंद.

आणि उद्या राउंडला डॉक्टर आले की न लाजता दोन गोष्टी विचारा: "साहेब, हात धुतले का? लघवीची नळी आज काढता येईल का?"

— वॉर्डाबाहेर रात्री काढलेले काही नातेवाईक, अहिल्यानगर