खुंटलेल्या शाखांचें गणित

आमच्या एका स्नेह्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत नुकताच पाहण्यांत आला. ह्या ग्रंथांची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावयास नको. बहुतेकांच्या कपाटांत एखादी प्रत असतेच. मूळ पुरुष कोंकणांतील एका खेड्यांतला. पुढें कोणी देशावर गेले, कोणी बडोद्यास, कोणी इंदुरास. आणि पानोपानीं कोणाच्या ना कोणाच्या नांवाशेजारीं ‘निर्वंश’ हा शब्द. स्नेही म्हणाले, “मास्तर, आमची कोंकणची शाखा पाहा कशी रोडावली! देशावरची मात्र फोफावली. कोंकणचें पाणीच आमच्या कुळास मानवलें नाहीं.” आम्हीं विचारलें, “कोंकणांत वंश खुंटले, कीं कोंकणांतून माणसें उठून गेलीं?” त्यांनीं पुन्हा पानें उलटलीं. उठून गेलेलेच अधिक निघाले.

हाच प्रश्न प्राणिशास्त्रज्ञ व वनस्पतिशास्त्रज्ञ आज जीवांच्या जातींविषयीं विचारीत आहेत, आणि त्याचें उत्तर गणितानें काढूं पाहत आहेत. एका प्रदेशांत जाति पुष्कळ आणि शेजारच्या प्रदेशांत थोड्या, असें कां? तेथें नव्या जाति अधिक निपजल्या म्हणून, कीं जुन्या कमी मेल्या म्हणून, कीं बाहेरून येऊन राहिल्या म्हणून?

गंमत अशी, कीं ह्या गणिताचा एक उगम घराण्यांच्या हिशेबांतच आहे. १८७३ सालीं इंग्लंडांत फ्रान्सिस गाल्टन ह्यांनीं प्रश्न घातला, कीं नामांकित घराण्यांचीं आडनांवें कालांतरानें नाहींशीं होतात, तर पुरुषास किती पुत्र होण्याचा संभव किती हें ठाऊक असल्यास आडनांव बुडण्याचा संभव कसा काढावा? उत्तर दिलें रेव्हरंड वॉट्सन ह्यांनीं, आणि १८७४ सालीं दोघांनीं मिळून तें मांडलें. समीकरण बरोबर होतें. निष्कर्ष मात्र चुकला. सर्व आडनांवें अखेरीस बुडणारच, असें वॉट्सन ह्यांनीं ठरविलें. त्या समीकरणास १ हें मूळ नेहमीं असतेंच; परंतु पुत्रसंख्येची सरासरी एकाहून अधिक असेल तर १ हून लहान असें दुसरें मूळ निघतें, आणि खरें उत्तर तें. एक मूळ हातीं लागतांच पाटी खालीं ठेवणारे विद्यार्थी आम्हीं जन्मभर पाहिले. त्यांच्या पंक्तीस एक धर्मोपदेशक गणिती बसलेला पाहून आम्हांस, खरें सांगावयाचें तर, थोडें समाधानच वाटलें.

जातींकडे हें गणित वळलें तें सिंहलद्वीपाच्या वाटेनें. पेरादेनिया येथील वनस्पति-उद्यानाचे एके काळचे संचालक जे. सी. विलिस ह्यांनीं तेथील वनस्पतींच्या अभ्यासावरून १९२२ सालच्या आपल्या ग्रंथांत असें मत मांडलें, कीं जाति जितकी जुनी तितका तिचा प्रदेश मोठा. विलिस ह्यांच्या आंकड्यांना १९२५ सालीं अड्नी यूल ह्यांनीं गणिताचा सांचा दिला. प्रत्येक जातीपासून ठराविक काळांत दुसरी जाति फुटण्याचा संभव सारखा धरावयाचा, आणि मग लहान कुळें किती व मोठीं किती असावीं हें काढावयाचें. विलिस ह्यांचें मत पुढें फारसें टिकलें नाहीं. यूल ह्यांचा सांचा टिकला. जन्म व मृत्यु ह्या दोहोंचे दर काळाबरोबर बदलते धरणारें गणित डेव्हिड केंडॉल ह्यांनीं १९४८ सालीं मांडलें.

प्रदेशांचा विचार ह्या सांच्यांत अलीकडे आला. २०११ सालीं गोल्डबर्ग, लँकेस्टर व री ह्या तिघांनीं दोन प्रदेशांसाठीं जो सांचा सिद्ध केला त्यांत सात राशि आहेत. आमच्या स्नेह्यांच्या कुळावर त्या बसवून पाहाव्या. कोंकणांत नवी शाखा फुटण्याचा दर एक, देशावर फुटण्याचा दुसरा. एकच घर दोन्हीकडे नांदत असतां वांटणी होऊन एक कोंकणची व एक देशावरची शाखा होण्याचा तिसरा. कोंकणांतून नाहींसें होण्याचा चवथा, देशावरून नाहींसें होण्याचा पांचवा. घाट चढून जाण्याचा सहावा आणि उतरून येण्याचा सातवा. जिवंत जातींचा डीएनए ताडून त्यांचा वंशवृक्ष रचतात. तो वृक्ष, आणि आज कोणती जाति कोठें राहते एवढें दिलें, म्हणजे ह्या सात राशींचीं कोणतीं मूल्यें धरल्यास असा वृक्ष निपजण्याचा संभव सर्वांत अधिक, तें संगणक शोधून काढतो.

मेख येथेंच आहे. कुलवृत्तांतांत निर्वंश शाखाही लिहिलेल्या असतात. डीएनएवरून रचलेल्या वृक्षांत केवळ जिवंतांचीं नांवें येतात. एका कुळांतील जाति दर कोटि वर्षांस दुप्पट होतात असें धरल्यास सहा कोटि वर्षांत एकीच्या ६४ होतील. परंतु वाढ म्हणजे जन्म वजा मृत्यु. तीनांतून दोन वजा केले तरी एक उरतो, अकरांतून दहा वजा केले तरी एकच. वाण्याच्या वहींतील शिल्लक पाहून वर्षाची उलाढाल सांगावी, तशांतला हा प्रकार.

१९९४ सालीं नी, मे आणि हार्वे ह्यांनीं ह्यांतून एक वाट दाखविली. नुकत्याच फुटलेल्या शाखांस मरण्यास अद्याप अवकाश मिळालेला नसतो. म्हणून जेथें मृत्यु पुष्कळ, तेथें वृक्षाचा शेंडा अपेक्षेहून अधिक दाट दिसतो, आणि त्या दाटीवरून मृत्यूचा अंदाज करतां येतो. युक्ति सुंदर आहे. मात्र दोन्ही दर आरंभापासून आजवर सारखे राहिले असतील तरच ती निर्धास्तपणें वापरावी. दर काळाबरोबर बदलत आले असतील, तर एकाच वृक्षाशीं जुळणारे जन्ममृत्यूचे इतिहास अगणित असतात, हें लुका व पेनेल ह्यांनीं २०२० सालीं सिद्ध केलें. अगणित हा येथें अलंकार नव्हे. विद्यार्थ्यास उत्तर तेवढें सांगून गणित ओळखण्यास लावावें, तशी ही अवस्था.

२०१५ सालीं राबोस्की व गोल्डबर्ग ह्यांनीं ह्याच घराण्यांतील एका सांच्याची परीक्षा घेतली होती. जीवाच्या एखाद्या गुणाचा आणि नव्या जाति फुटण्याचा संबंध आहे कीं नाहीं, हें तो सांचा सांगतो. त्यास त्यांनीं गुण म्हणून चक्क शास्त्रीय नांवांतील अक्षरांची संख्या दिली, आणि सांच्यानें तिचाही संबंध जोडून दिला! बारशाला लांबलचक नांव ठेवल्यानें वंश वाढतो असें आमच्या आजीनें म्हटलें असतें, तर आम्हीं तिला हंसलों असतों. २०११ च्या त्रयींतील गोल्डबर्ग बाईच ह्या परीक्षेंत होत्या. आपल्याच उपकरणाच्या घराण्यांतील खोट आपणच जगास दाखविणें, हें आम्हांस त्या उपकरणाइतकेंच मोलाचें वाटतें.

आपल्या सह्याद्रींत ह्या प्रश्नाचीं दोन टोकें एकाच ओल्या रानांत भेटतात. राओर्चेस्टिस नांवाच्या इवल्याशा झुडूपबेडकांच्या साठांहून अधिक जाति येथें आहेत. ह्यांच्या अंड्यांतून शेपटीचें पिल्लूं न निघतां थेट चार पायांचा बेडूक बाहेर येतो, म्हणून डबक्यावांचून त्यांचें अडत नाहीं. शिखराशिखरावर ते वसले, आणि मधल्या खोल खिंडींनीं एकेक समूह तुटून निराळा पडत गेल्याचें दिसतें. दुसरें टोंक म्हणजे २००३ सालीं केरळांतून वर्णिलेला जांभळा बेडूक, नासिकाबॅट्रॅकस. हा वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखालीं काढतो आणि पावसाच्या तोंडावर विणीपुरता वर येतो. त्याचे जवळांत जवळचे नातलग राहतात सेशेल्स बेटांवर! ते समुद्र पोहून गेले नाहींत. भूमीच दुभंगून दूर सरकली. ह्या कुळाच्या आज दोनच जाति ज्ञात आहेत, आणि त्यांतली दुसरी २०१७ सालीं वर्णिली गेली.

हें कुळ आरंभापासून असें एकटें होतें, कीं एके काळीं मोठ्या गोतावळ्याचें होतें? वृक्षावर दोन्ही परिस्थितींत एक लांब, बिनफांद्यांची रेघच दिसते. सात राशींचा काय, सत्तर राशींचा सांचा आणला तरी त्या रेघेंतून मेलेल्यांचीं नांवें निघावयाचीं नाहींत. कोणता प्रदेश नव्या जातींचा पाळणा आणि कोणता जुन्यांचें संग्रहालय, अशी भाषा १९७४ सालीं स्टेबिन्स ह्यांनीं रूढ केली. ती उपयोगी आहे. परंतु जिवंतांच्या एकट्या वृक्षावरून कोणी असे शिक्के मारूं लागला तर त्यास हटकावें, कारण कोणतें रान आधीं राखावें हा वाद पुढें त्या शिक्क्यांवर चालतो. पाळण्यांत नव्या जाति येतातच, मग दोनचार गेल्या तर बिघडलें काय, असें म्हणणारेही निघतील. त्यांनीं वरचा कोटि कोटि वर्षांचा हिशेब पुन्हा एकदां वाचावा.

उरते दगडांची साक्ष. बेडकांचीं नाजूक हाडें खडकांत क्वचितच टिकतात. तरी खुद्द मुंबईंत, लाव्हाच्या थरांमध्यें सांपडलेल्या गाळाच्या खडकांत, चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले आहेत. रिचर्ड ओवेन ह्यांनीं १८४७ सालीं त्यांचें वर्णन केलें. पुढें त्यांस इंडोबॅट्रॅकस हें नांव मिळालें. सहा कोटि वर्षांहून जुनें हें कुळ. आज त्यांतलें कोणी उरलें नाहीं.

हें आमच्या स्नेह्यांस सांगितलें, तेव्हां ते कुलवृत्तांत मिटीत म्हणाले, “म्हणजे तुमच्या बेडकांचीं निर्वंश पानें मुंबईच्या दगडांत आहेत म्हणावयाचीं.”

“आहेत खरीं,” आम्हीं म्हटलें, “पण त्या पानांवर गांव तेवढें लिहिलें आहे. ते कोणाचे कोण, ह्यावर पंडितांचा वाद होत आला आहे.”