घरपट्टीच्या पावतीवर मत मिळत नाही

वाळवा तालुक्यातल्या आष्ट्यात निवडणूक लागली की एक तक्रार हमखास कानावर येते. "घर आमचं, रान आमचं, घरपट्टी आम्ही भरतोय; पण नाव पुण्याच्या मतदार यादीत. आणि परवा आलेला भाडेकरू नगराध्यक्ष निवडणार!" ऐकायला रास्त वाटतं, पण ते ना कायद्यात बसतं ना न्यायात.

1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 सांगतं की नुसतं घर मालकीचं असलं म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. भारताचं नागरिकत्व, पुरी अठरा वर्षं आणि तिथला रहिवास, एवढं जमलं की सहसा नाव लागतं. नगरपालिकेची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच होते. उघड्यावर राहणाऱ्याचं नावसुद्धा लागतं. तो खरंच तिथं झोपतो का, हे बघायला मतदान केंद्राच्या अधिकाऱ्यानं रात्री जायचं असतं.

मालकी असेल त्यालाच मत, हा गैरसमज वाळवा तालुक्यात इतका मुरलाय तो मला वाटतं कारखान्यामुळं. साखर कारखान्यात शेअर असेल त्याला मत. पण तिथंही दहा शेअरवाल्याला आणि एका शेअरवाल्याला मत एकच, हे सोयीस्कर विसरलं जातं. मालमत्ता, कर, शिक्षण बघून मत देण्याची रीत इंग्रजांची. 1937 ची निवडणूक तशीच झाली. ती आपण मोडली. घरपट्टीच्या बदल्यात मत नव्हे, दिवाबत्ती मिळते, गटार मिळते. नळाला पाणी आलं नाही तर घागर घेऊन भाडेकरूच हिंडतो, पुण्यातला मालक नव्हे.

"मग ऊसतोडीवाले सहा महिने इथं असतात, त्यांनाही द्या की!" असा टोला येतो. त्याचं उत्तर त्याच कलमात आहे. तात्पुरतं बाहेर गेल्यानं रहिवास तुटत नाही. बीडकडच्या कोयत्याचं, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीचं, मत बीडलाच राहतं. फक्त ते टाकायचं कसं? 2024 चा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासूनचा आणि विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला. जवानाला टपाली मत आहे, 85 वर्षांवरच्यांना आहे. फडातल्या जोडप्याला नाही. मजुरी टनावर, त्यामुळं गावी जाऊन यायचं म्हणजे खाडा आणि वर गाडीभाडं. परगावाहून मत देता येईल असं यंत्र निवडणूक आयोगानं जानेवारी 2023 मध्ये पक्षांपुढं आणलं, ते अजून वापरात नाही.

पुणेकर आष्टेकरांनी घरपट्टीची पावती खिशात ठेवावी आणि टपाली मत कोयत्याला मिळावं, यासाठी आपल्या खासदाराला चार ओळी लिहाव्यात.