अक्षर, यंत्र आणि मराठीचा पदव्युत्तर अभ्यास

माध्यमकलेची प्रत्यक्ष निर्मिती आणि नवे तंत्रज्ञान यांची सांगड घालणारा पदव्युत्तर अभ्यास हा अभियंत्यांचा किंवा चित्रकारांचा विषय होय, अशी समजूत मराठी विभागांत दीर्घकाळ रूढ आहे. वस्तुतः या अभ्यासाचा एक महत्त्वाचा उगम भाषेच्या दृश्य रूपाविषयीच्या कुतूहलात आहे. या उगमाकडे पाठ फिरविल्याची किंमत मराठीने मोजली आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे म्युरिअल कूपर यांनी १९७० च्या दशकात ‘व्हिजिबल लँग्वेज वर्कशॉप’ उभी केली. कूपर मूळच्या ग्रंथरचनाकार. विद्यार्थ्यांनी मुद्रणयंत्र स्वतः चालवावे, रचना आणि उत्पादन यांतील भिंत पाडावी, हा त्यांचा आग्रह होता. १९८५ मध्ये ही कार्यशाळा नव्या ‘मीडिया लॅब’मध्ये सामील झाली आणि ऑफसेट यंत्राची जागा संगणकाने घेतली, शिक्षणाचे तत्त्व मात्र बदलले नाही. कूपर १९९४ मध्ये निवर्तल्या. पुढे तेथेच जॉन माएदा यांच्या गटातील बेन फ्राय आणि केसी रीस या विद्यार्थ्यांनी २००१ मध्ये ‘प्रोसेसिंग’ ही कलावंतांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा सिद्ध केली. तयार साधन वापरण्यात प्रावीण्य मिळविणे हे या परंपरेचे उद्दिष्ट नव्हते; साधनच घडविणे हे होते. आज ‘मल्टिमीडिया’च्या नावाखाली दोनचार सॉफ्टवेअरांची ओळख करून देणारे जे अभ्यासक्रम चालतात, त्यांची या परंपरेशी तुलनाही संभवत नाही.

मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ चे. तेथे १९८३ ते १९९६ या काळात र. कृ. जोशी अध्यापन करीत होते. सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रातील कलादिग्दर्शक आणि कवी अशा तिन्ही नात्यांनी त्यांचा अक्षराशी संबंध होता. विंडोज २००० बरोबर आलेला आणि पुढे अनेक वर्षे असंख्य संगणकांवर देवनागरीचा चेहरा ठरलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. याच केंद्रात गिरीश दळवी यांनी देवनागरी अक्षरवळणांच्या रचनेवर पीएच. डी.चे संशोधन केले. मुक्त परवान्याने उपलब्ध असलेल्या ‘मुक्ता’च्या कर्त्यांपैकीही ते एक आहेत. एवढे मोलाचे कार्य मराठी भूमीत झाले, परंतु त्यात मराठी विभागांचा वाटा शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही.

हा वाटा का असावयास हवा होता, याचे उत्तर एका चिन्हात मिळते. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या जोड्यांतील अर्थभेद रफार आणि अर्धा ‘र’ यांच्या भेदावर उभा आहे. हिंदीला या भेदाची गरज नाही. मराठीचे त्यावाचून चालत नाही. युनिकोडमध्ये हा अर्धा ‘र’ मिळविण्यासाठी ‘ऱ’ हे अक्षर, हलन्त आणि पुढील व्यंजन असा क्रम योजावा लागतो. आणि ‘ऱ’ची तेथील नोंद आहे ती द्राविडी भाषांतील एका उच्चाराच्या लिप्यंतरासाठी! साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह हा दुसरा मार्गही मान्य आहे. दोन्हींचे दृश्य रूप एकच, संगणकाच्या लेखी मात्र शब्द भिन्न. परिणामी एखाद्या कादंबरीची शब्दसूची करणाऱ्या संशोधकाला एका क्रमाने शोध घेतल्यास दुसऱ्या क्रमाने टंकलेला शब्द सापडणार नाही, आणि तो सापडला नाही हे त्याला कळणारही नाही. हा प्रश्न तंत्राचा म्हणून सोडून देता येण्याजोगा नाही. तो पाठनिश्चितीचा आहे.

‘कारागिरी म्हणजे संशोधन नव्हे’ हा आक्षेप येथे अपेक्षित आहे, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. फॉन्ट सुंदर झाला एवढ्याने प्रबंध होत नाही. भाषेविषयीचा कोणता प्रश्न त्या कृतीने सोडविला, कोणते पर्याय नाकारले आणि का, हे लेखी मांडता आले पाहिजे. परंतु कृतियुक्त संशोधन मराठीला परके आहे काय? महानुभावांच्या सांकेतिक लिपी विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडल्या गेल्या, तेव्हा त्या खटाटोपाला कोणी कारागिरी म्हटले नाही. प्राचीन मराठी गद्याचे दालन त्यामुळेच खुले झाले. संहितेचे चिकित्सक संपादन ज्या विभागांत संशोधन म्हणून मान्य होते, तेथे संगणकीय संहितेची सिद्धता अमान्य करण्यास तात्त्विक आधार नाही.

अडचणी आहेत त्या व्यवहाराच्या. अशा प्रबंधाला एक परीक्षक भाषेचा आणि दुसरा अक्षररचनेचा लागेल. मौखिक परीक्षेत कृती प्रत्यक्ष चालवून पाहावी लागेल. जतनाचा प्रश्न याहून बिकट आहे. युनिकोडपूर्व फॉन्टांत १९९० च्या दशकात टंकलेला कितीतरी मराठी मजकूर आज तो फॉन्ट नसेल तर रोमन चिन्हांची निरर्थक रांग होऊन उघडतो. तेव्हा विभागीय ग्रंथालयाने बांधीव प्रतीबरोबर युनिकोडमधील संहिता, वापरलेला फॉन्ट आणि आज्ञावली ही तिन्ही दाखल करून घेतली पाहिजेत, आणि ठरावीक काळाने ती उघडून पाहण्याचे काम कोणाकडे तरी सोपविले पाहिजे.